दोन दिवस अळणी

डॉक्टरबाई,

मी जनी सांगते, नात हर्षाली लिहिते.

काल तुमी विचारलं, "आजी, प्रेशर छान, साखरही बरी, मग किडनी का बिघडते?" त्याचं खरं उत्तर हे.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन दिवसच मी अळणी जेवते, गोळ्या घेते. बाकी महिनाभर खारट सुकट पोटात नि गोळ्या डब्यात. सगळ्यांसमोर "शाबास आजी" म्हणता ना, त्याची चटक लागली. या वयात दुसरं कोण म्हणतं? मशीन फसलं, किडनी फसली नाय.

दमले बाई लबाडीला. पत्र हातात द्यायची लाज वाटते. सोमवारी परत येऊन गोळ्यांचा भरलेला डबाच टेबलावर ठेवीन, पत्र त्यातच असेल. पोटभर ओरडा.

तुमची शाबासकी चोरणारी,
जनी (अंगठा)