हवेत सोडलेले दोन थेंब

३ मार्च, सोमवार

संध्याकाळी सात वाजता मुलीला पहिले इंजेक्शन दिले.

मुलगी त्रेचाळीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन आकडे लिहून दिले होते. स्वतःच्या स्त्रीबीजाने मूल होण्याची शक्यता शंभरात पाच. तरुण दात्रीचे बीज घेतल्यास शंभरात चाळीसच्या आसपास. "वय गर्भाशयाला फारसं आडवं येत नाही, बीजाला येतं," असे त्या म्हणाल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. घरी आल्यावर मुलीला म्हणालो, "एकदा तरी स्वतःच्या बीजानं प्रयत्न करावास, असं मला वाटतं. तुझ्या आईचं काहीतरी पुढे जाईल." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, बाबा." तिच्याही मनात तेच होते, हे त्या गप्प राहण्यावरून मी ओळखले.

दवाखाना माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, म्हणून ती इथे राहायला आली आहे. जावई शनिवार-रविवारी येतील. सुई दिसली की ते भिंत धरतात. "बाबा, हे खातं तुमचं," असे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले.

मला सुईची सवय आहे. मुलीच्या आईला, हिला, इन्सुलिन सात वर्षे मीच दिले. हिची इन्सुलिनची शेवटची दोन पेने अजून फ्रीजच्या दारात आहेत. बीजे वाढवण्याच्या औषधाची मुलीची नवी पेने त्यांच्या शेजारी ठेवली.

४ मार्च, मंगळवार

सात वाजता, पोटाच्या डाव्या बाजूस. मुलगी म्हणाली, "आईलाही असंच दटावायचात? हलू नकोस म्हणून?" दटावत असे. ती तरीही हलत असे.

५ मार्च, बुधवार

एका पेनात बरोबर तीन दिवसांचे औषध असते. आज तिसऱ्या दिवशी मात्रा पुरी झाली नाही. पेनावरच्या आकड्याच्या खिडकीत शून्य यायला हवे होते. पंचाहत्तर उभे राहिले, म्हणजे तेवढे द्यायचे राहिले. उरलेले नव्या पेनातून दिले.

चौतीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे मी नखाने काढले आहेत. कमी भरलेले माप मला कळते. कंपनीस पत्राचा मसुदा केला.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात."

निवृत्त माणसालाही डोळे असतात.

८ मार्च, शनिवार

दुसरे पेनही कमी भरले. तूट पहिल्यापेक्षा मोठी. पत्रात आणखी एक परिच्छेद घातला. जावयांनी वाचून पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही कंपनी बंद पाडणार." तसा हेतू नाही. माप पुरे मिळावे, इतकेच.

१० मार्च, सोमवार

हे लिहिणे कठीण जाते आहे, म्हणून आधी लिहून टाकतो. चूक माझी होती.

मुलीच्या तपासणीच्या वेळी दोन्ही रिकामी पेने आणि पत्र घेऊन गेलो. तिथल्या नर्सने पत्र वाचलेही नाही.

"काका, सुई लावली की आधी काय करता?"

"दोन खाचा फिरवून थेंब हवेत सोडतो. आतली हवा निघून जावी म्हणून."

"रोज?"

"अर्थात, रोज."

"ती इन्सुलिनच्या पेनाची रीत. हे पेन नवं उघडलं की एकदाच तसं करायचं. रोज थोडं थोडं हवेला पाजलंत की तुम्ही!"

मुलीला मात्रा रोज पुरी मिळाली आहे, फक्त एक पेन जादा लागेल, असे नर्सने दोनदा सांगितले. मुलगी रस्ताभर हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, अगदी हिच्यासारखी.

"आधी थेंब सोडा, मग टोचा," असे ही मला रोज बजावत असे. ती जाऊन अकरा महिने झाले. हात अजून तिचेच ऐकतात.

पत्र फाडले.

१५ मार्च, शनिवार

आज दवाखान्यात मुलीची तीन बीजे मिळाली. जावई बाहेर बाकावर बसून होते. मी उभा होतो. "तीन म्हणजे कमी का हो?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "एक लागतं."

१८ मार्च, मंगळवार

तीनांतून एकच गर्भ धरला. तो आज गर्भाशयात सोडला. मुलीने पडद्यावर पाहिला. म्हणाली, "टिंबाएवढा होता."

२४ मार्च, सोमवार

वाट पाहणे हेही काम आहे, आणि कामात मी कधी कुचराई केलेली नाही. वाण्याकडून सामान मी आणतो, भांडी मी घासतो. मुलगी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून तिचे ऑफिसचे काम करते. पेन्सिल दातांत धरते. हीसुद्धा धरत असे. मी बघतो आहे हे लक्षात आले की ती पेन्सिल खाली ठेवते.

३१ मार्च, सोमवार

नाही.

दवाखान्याचा फोन मुलीने घेतला आणि मला मानेनेच सांगितले. मी पाणी आणून दिले. मग म्हणालो, "पुन्हा करू. या वेळी थेंबही वाया जाऊ देणार नाही."

तिने माझ्या बाहीचे सुटलेले बटण लावले. "पडा थोडा वेळ, बाबा," म्हणाली. रडायला हवे होते ते तिने, आणि समजूत माझी घातली.

पडलो नाही. दुसऱ्या फेरीचे वेळापत्रक आखायला घेतले.

५ एप्रिल, शनिवार

जावयांना वेळापत्रक दाखवले. त्यांनी ते नीट घडी करून मला परत दिले. "बाबा, दात्रीसाठी आम्ही नाव देणारच होतो. तुम्ही आईंचं बोललात आणि ती थांबली. ही फेरी तिनं तुमच्यासाठी केली. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी तिचे गप्प राहणे न तपासताच मोजले होते.

हिची दोन्ही पेने फ्रीजमधून काढली. मग मुलीकडे गेलो आणि म्हणालो, "दात्रीचं बीज घे. इंजेक्शनं मी देईन."

ती म्हणाली, "त्यात मला इंजेक्शनं नसतात, बाबा. गोळ्या असतात."

"किती वाजता?" मी विचारले.