बसून एकशे बावीस

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. लिहिल्याने डोकं शांत राहतं म्हणे.

खोकल्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. खोकला राहिला बाजूला, त्यांनी बीपी घेतलं. बसून १२२. उत्तम. तिथेच थांबायला हवं होतं. पण त्यांनी मला उभं केलं आणि पुन्हा घेतलं. १५०. म्हणाल्या, बहुतेकांचं उभं राहिल्यावर फारसं बदलत नाही, नाहीतर थोडं उतरतं, तुमचं चढतंय. आठवडाभर घरी मोजा. आधी पाच मिनिटं शांत बसून, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. हात छातीच्या उंचीवर टेकवायचा. मीठ कमी, चालणं जास्त. गोळीचं मग ठरवू.

मी थंड डोक्याने विचार केला. बसलो की मी ठणठणीत. म्हणजे मी ठणठणीतच आहे. दोष उभं राहण्यात आहे.

मंगळवार, ४ मार्च
पंचाईत अशी की माझी नोकरीच उभ्याची. संग्रहालयात गार्ड. दुसरा मजला, खुर्च्यांचं दालन. भिंतीपासून भिंतीपर्यंत जुन्या खुर्च्या. एकीवरही बसायचं नाही आणि कोणाला बसू द्यायचं नाही. निम्मं आयुष्य लोकांना हेच सांगण्यात गेलं.

उपाय एकच. कॅमेरा रूम. तिथला माणूस फिरत्या खुर्चीत बसून दिवसभर पडदे बघतो. मधूनमधून झोपतोही. महिनाअखेर रिटायर होतोय. जागा मलाच मिळणार, सीनियर मीच आहे.

बुधवार, ५ मार्च
मशीन आणलं. उभ्याने १६४. हात कुठे टेकवलाय, असं हिने विचारलं. टेकवला नव्हता, लोंबत होता. टेकवून १५२. म्हणजे बारा तर नुसत्या हाताचे निघाले. उरलेलेही असेच कशाचे तरी असणार.

वरून मीठ घेणं आजपासून बंद. खारे दाणे यात धरलेले नाहीत.

हिने दादाचा विषय काढला. दादाचं वेगळं होतं. तो मुळात तापट.

शुक्रवार, ७ मार्च
साहेबांकडे अर्ज दिला. उभं राहिल्यावर बीपी वाढतं, सबब कॅमेरा रूम मिळावी. साहेब म्हणाले, वीस तारखेला सगळ्यांचं मेडिकल आहेच, त्यात काय निघतं ते बघू.

बाहेर आलो तर चहावाला सांगत होता, मागच्या मेडिकलमध्ये एकाचं बीपी निघालं आणि त्याला घरी पाठवलं. चहा अर्धा टाकून दिला.

रविवार, ९ मार्च
शांतपणे आखणी केली. साहेबांपुढे आजारी, मेडिकलला ठणठणीत. यात खोटं काही नाही, कारण दोन्ही खरंच आहे. फक्त कुठे बसायचं आणि कुठे उभं राहायचं याचं भान ठेवायचं.

चालणं उद्यापासून.

बुधवार, १२ मार्च
चालणं राहिलं. विचार केला तर चालणं म्हणजे उभं राहणंच, फक्त पुढे पुढे.

आज एक किरकोळ प्रकार झाला. दुपारी दालनात चिटपाखरू नव्हतं. ड्युटीवरचं रीडिंग घ्यावं असं मनात आलं. पण आधी पाच मिनिटं शांत बसायचं कुठे? दोरी ओलांडली आणि कोपऱ्यातल्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलो. फार आरामशीर खुर्ची आहे. इतकी वर्षं नुसतीच राखली. मशीनचा पट्टा फुगायला लागला आणि त्याच वेळी दालनाचा धोक्याचा भोंगा वाजला. दंड पट्ट्यात अडकलेला, नळी खुर्चीच्या हातात अडकलेली. उठता येईना.

बसून १७८.

हे रीडिंग धरायचं नाही. ते भोंग्याचं आहे. कॅमेरावाला झोपलेला असणार.

शनिवार, १५ मार्च
डॉक्टरीणबाईंना रीडिंगं दाखवली. बसलेलीच तेवढी नेली होती, उभ्याची सगळी सरासरी बिघडवतात. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि उठा म्हणाल्या. स्वतः हात धरून मोजलं. १५४. गोळी लिहून दिली. आजपासूनच घ्या म्हणाल्या.

चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे. मेडिकलला रक्त तपासतात. गोळी रक्तात सापडली तर? वीसनंतर नक्की.

गुरुवार, २० मार्च
जिंकलो. मेडिकलच्या डॉक्टरांनी बसवून मोजलं. १२२. पुढे काही विचारणार तोच मी म्हणालो, मागे रांग मोठी आहे. त्यांनाही बरं वाटलं.

नाण्यांच्या दालनातला लंबू माझ्या पुढे होता. त्याने सगळं ओकून टाकलं. पायाच्या शिरा फुगतात, गोळ्या चालू आहेत, उभं राहवत नाही. भोळा आहे. आता घरी जाणार बिचारा.

सोमवार, २४ मार्च
नोटीस लागली. कॅमेरा रूम लंबूला, वैद्यकीय कारणास्तव. माझ्या नावापुढे लिहिलंय: दीर्घकाळ उभं राहण्यास पूर्णपणे योग्य. एक तारखेपासून मुख्य दरवाजा. तिथे टेकायला भिंतसुद्धा नाही.

मागच्या वर्षीच्या त्या माणसाची चौकशी केली. त्याला पंधरा दिवस विश्रांतीला घरी पाठवलं होतं. आता तिकीट खिडकीत बसतो. चहावाल्यावर विश्वास ठेवणं बंद.

मंगळवार, २५ मार्च
मशीन घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, मेडिकल चुकलंय, मी खरोखर आजारी आहे. साहेब माणूस सज्जन. आधी बसा म्हणाले. पाणी मागवलं. तिथेच घात झाला. पाणी पिऊन मी इतका शांत झालो की मोजलं तर १२२. घाईघाईने उभा राहिलो, तेवढ्यात त्यांना फोन आला. फोनवर बोलता बोलता हातानेच बसा, बसा करत राहिले. साहेब बसा म्हणत असताना उभं कसं राहायचं?

फोन ठेवून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. न्यायाधीशाच्या खुर्चीत मी. दंड फुगलेला, तोंड उघडं. म्हणाले, या वेळी तोंडी समज देऊन सोडतो.

कॅमेरावाला नेमका त्याच दिवशी जागा होता.

शनिवार, २९ मार्च
दादाकडे गेलो. दोन वर्षं पलंगावर आहे. आरशासमोर दाढी करताना कोसळला, तेव्हापासून उजवी बाजू गेली. मी पलंगाशी उभा राहून सगळं सांगितलं. दरवाजा, भिंत नाही, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. वहिनी खुर्ची सरकवून गेल्या, पण मी रंगात आलो होतो.

दादाला एकेक शब्द जुळवावा लागतो. म्हणाला, त्याचंही बसून चांगलंच यायचं. उभं करून कोणी बघितलंच नाही. मग बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. आणि विचारलं, उभं राहिल्यावर कसं वाटतं, सांग ना.

मी खुर्चीत बसलो.

दादाला विषय नीट कळला नसावा.

मंगळवार, १ एप्रिल
मुख्य दरवाजा. एका बाईंनी खुर्च्यांचं दालन विचारलं. दुसरा मजला सांगितलं, बसू नका म्हणूनही सांगितलं. सवय.

सकाळी हिने मला उभं केलं. माझा हात आपल्या तळहातावर घेऊन छातीच्या उंचीवर धरला आणि तीन मिनिटं तशीच उभी राहिली. मला भीती वाटत होती. १५६. मशीनला नावं ठेवणार होतो, पण हिने माझा हात अजून सोडला नव्हता.

पाकिटातली चिठ्ठी तिला दिली. दुकान उघडल्या उघडल्या जाऊन आली. पहिली गोळी घेतली.

उभ्यानेच.