दोन माइकचं कार्ड

वारजे, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बिलकिस,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील अशी आशा.

शाळेतला तो दाबून धरायचा नळ आठवतो? हात काढला की पाणी बंद. तू दाबून धरायचीस, मी ओंजळीने प्यायचे, मग आपण जागा बदलायचो. एकटीला तिथे कधी नीट पाणी पिता आलं नाही. आज भांडी विसळताना उगाच आठवलं.

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी सर्दी म्हणाले. ते खरं नव्हतं. त्यावर पुढे लिहिते.

आधी नवीन बातमी. धाकट्या खोलीचा मी स्टुडिओ केलाय. हायवेचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून खिडकीवर गोधड्या टांगल्यात. हे म्हणतात, "पाहुणे आले तर पांघरायला काय देणार, माइक?"

सगळ्यात जास्त वेळ गेला साउंड कार्ड निवडण्यात. माइकमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी ही छोटीशी डबी. तपकीर गल्लीतल्या दुकानात तीन चकरा झाल्या. एक स्वस्त कार्ड लावून पाहिलं, तर आपलाच आवाज हेडफोनमध्ये क्षणभर उशिरा यायचा. गाताच येईना. दुसरं चांगलं होतं, पण त्यात एकाच माइकची सोय. मी दोन माइकचं मागितलं.

"बाई, गाणार किती जण?"

"सध्या एक."

"मग दुसऱ्या भोकात काय उदबत्ती खोचणार?"

"दुसरी येईल."

"ती आली की तिचं नंतर भरा. जोडता येतं हो, आता काय कठीण राहिलंय?"

"नाही. दोघींचं एका वेळी."

दुकानदाराने दोन माइकचं कार्ड काढून दिलं.

तुझ्या लक्षात आलंच असेल. शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांनी स्वतः रचलेलं आपलं निरोपाचं गाणं. त्यांची पद्धत आठव. दोघींना वेगळ्या वह्या, वेगळ्या वेळी तालीम, एकीने दुसरीचा आवाज शिकायचा नाही. म्हणायच्या, शिकलात तर कान उधार घ्याल. म्हणून वरचा आवाज मला येतो, खालचा जगात फक्त तुला. मी माझा भरून पाहिला. नुसता तो ऐकला की गाणं वाटतच नाही.

पण तू गाण्याआधी तुला एक सांगायला हवं. तोंडाने सांगवत नाही, म्हणून हे पत्र.

१९७७ साली रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमाला आपल्याला जायचं होतं. निघायची वेळ नऊची होती. ती तुला सांगायला सिस्टरनी मला पाठवलं आणि मी तुला दहा सांगितलं. सकाळी सिस्टरना म्हणाले, बिलकिसचा घसा बसलाय. मी एकटीच गायले. कारण एवढंच, की सगळे म्हणायचे, कुंदाचा आवाज गोड आहे, पण गाणं धरून ठेवते ती बिलकिस.

तुला वाटलं, सिस्टरनी तुला वगळलं. "त्यांना रेडिओवर माझं नाव नको असेल," असं तू एकदाच म्हणालीस. मी गप्प बसले. त्यानंतर तू गायली नाहीस. सिस्टर गेल्या तेव्हा तू चर्चबाहेर उभी राहिलीस आणि मी आत पहिल्या बाकावर बसले. दर ईदला तुझ्याकडचा शीरखुर्मा येतो आणि दर ईदला मी तो खाते.

आता घशाबद्दल. अठरा तारखेला, मंगळवारी, ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. त्यानंतर हा आवाज नसेल. आत्ताही वर जाताना चिरतो, पण माझा आहे हे ओळखू येतं. तुला आधी बोलावून, गाऊन घेऊन, मग हे सांगणं मला जमलं असतं. पण ती दुसरी फसवणूक झाली असती.

येत्या रविवारी ये. सकाळी नऊ वाजता. या वेळी वेळ बरोबर सांगते आहे.

आली नाहीस तरी रागावणार नाही, तेवढा हक्क मला राहिलेला नाही. काय कोणाकडे जायचं ते मात्र लिहून ठेवते. साउंड कार्ड, दोन्ही माइक आणि हेडफोन तुझ्या अलफियाला. आजीसारखा भारदस्त गळा आहे तिचा. ह्यांच्यासाठी एक छोटी फाइल आहे. त्यात मी "अहो, चहा झालाय" एवढंच म्हटलंय. ती मंगळवारनंतर त्यांना द्यायची. गोधड्या पाहुण्यांना. सिस्टरांच्या हातची माझी वही तुला, म्हणजे दोन्ही वह्या एका ठिकाणी येतील. आणि गाण्याचं रेकॉर्डिंगही तुलाच. एका माइकवर मी आहे. दुसऱ्या माइकची जागा रिकामी ठेवली आहे. तिथे गायचं की नाही, ते तू ठरव. तिथे दुसऱ्या कोणालाही गाऊ देऊ नकोस.

रविवारी नवाच्या आधीपासून दारात उभी असेन.

तुझी
कुंदा