हिची सकाळची गोळी

९ फेब्रुवारी

आज हिच्या पापण्यांचे केस कापले!

इतकी वर्षं कात्री चालवतोय, पण हे काम कधी पदरी आलं नव्हतं. सगळा गोळीचा प्रताप. फुप्फुसातल्या गाठीसाठी रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी. ती गाठीला आवळते, आणि जाता जाता पापण्यांचे केस वाढवून जाते. एवढे लांब आणि कुरळे की डोळ्यांतच टोचायला लागले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जपून कापा. मग काय, कारागीर घरातच!

लग्न झाल्यापासून हिने मला केसाला हात लावू दिलेला नाही. "अहो, दुकान दुकानात ठेवा." दिवसभर पोस्टाच्या खिडकीवर परक्यांशी गोड बोलणारी बाई, घरी आली की मला रांगेत उभं करते. आज मात्र खुर्ची उजेडात ओढली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हात थरथरला तर बघा हं." एकेक केस जपून टिपत कापला.

चेहऱ्यावरचं पुरळ काही हटत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर, कपाळावर पार केसांच्या कडेपर्यंत. पोस्टात रुमाल बांधून बसते. मॅडम म्हणतात, औषध अंगात भिनतंय त्याची खूण आहे. असेल. मला बघवत नाही.

१२ फेब्रुवारी

छोटी कात्री बाजूला काढून ठेवली. गिऱ्हाइकाला लावायची नाही. फक्त हिची.

२० फेब्रुवारी

दवाखाना. हिची तपासणी, आणि कंडक्टरणीचा सलाईनचा दिवस.

कंडक्टरीण म्हणजे हिची बाकावरची मैत्रीण. बसमध्ये तिकिटं फाडते. आवाज असा की वेटिंगमधली झोपलेली माणसं उतरायला उठतात. पहिल्या दिवशी दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. दोघींनाही फुप्फुसाचाच कॅन्सर, दोघींनी जन्मात विडी ओढलेली नाही, डॉक्टर एकच. हिच्या गाठीतून तपासायला काढलेल्या तुकड्यात पेशींचा एक ठरावीक बिघाड सापडला, म्हणून हिला गोळी. कंडक्टरणीच्या तुकड्यात सापडला नाही, म्हणून तिला केमोचं सलाईन.

मॅडमनी तेव्हाच समजावलं होतं. गोळी त्या एका बिघाडावरच नेम धरते, तो नसेल तर ती नुसती पोटात जाते. मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. सलाईन म्हणजे सगळ्या डोक्यावरून फिरवलेलं झिरो मशीन, आणि गोळी म्हणजे कात्रीच्या टोकानं उचललेला एकच पांढरा केस. पण तो पांढरा केस डोक्यात असायला तर हवा!

हिला हे पटत नाही. परत येताना रिक्षात म्हणाली, "दोघी एकाच रांगेत उभ्या होतो. मला दिलं आणि तिच्या तोंडावर खिडकी बंद." मी म्हटलं, अगं, हे पोस्ट नाही. म्हणाली, "तेच तर. पोस्टात मी असं चालू दिलं नसतं."

२७ फेब्रुवारी

कंडक्टरणीचे केस पुंजक्यानं हातात यायला लागले. ही तिला थेट दुकानात घेऊन आली. दुपारची वेळ, अर्धं शटर ओढलं, आरशावर टॉवेल टाकला. तर कंडक्टरीण म्हणते, "काढा तो टॉवेल. पैलवान झालेली बघू दे मला."

मशीन फिरवताना मी तोंडानं काहीतरी बडबडत होतो, सवयच आहे. ही तिचा हात धरून उभी. शेवटी कंडक्टरणीनं डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "भाऊ, भांग कुठून पाडलात?" आम्ही तिघं इतके हसलो की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला.

बाई लाख मोलाची आहे. देव तिचं भलं करो.

१६ मार्च

हिचा चेहरा निवळतोय! सकाळी उजेडात नीट पाहिलं. कपाळ साफ, हनुवटीवर नुसते डाग. मी म्हटलं, "काय गं, नवी नवरी?" तर म्हणाली, "डोळे तपासून घ्या." पण लाजली. खरंच लाजली.

आज येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो. रिटायर्ड मास्तर म्हणाले, तुझ्या बायकोच्या चेहऱ्याचं कौतुक ऐकण्यात माझ्या केसांची एक बाजू लहान झाली. झालीच होती. दुरुस्त केली.

२५ मार्च

पापण्या कापायचं मीच काढलं. म्हणाली, वाढल्याच नाहीत हो फारशा. बघितलं तर खरंच नाहीत. मी छोटी कात्री हातात घेऊन उगाच उभा. चांगलंच आहे की!

३ एप्रिल

हिला खोकला. म्हणते, पोस्टात जुने गठ्ठे उपसले, धूळ.

८ एप्रिल

लिहून काढतो, नाहीतर झोप नाही.

दुपारी कंडक्टरीण आली. डोक्यावर मध्येच खुंट उगवले होते, ते साफ करून हवे होते. रुमाल काढला आणि मी जागच्या जागी थांबलो. डोक्यावर पुरळ, कपाळावर पुरळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पिवळी टोकं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "घाम हो. बसमध्ये भट्टी असते." मला सांगतेय! आयुष्य गेलं माझं लोकांच्या डोक्यात. घामोळं, कोंडा, गजकर्ण, सगळं बघून झालंय. हे पुरळ मी ओळखतो. महिनोन्महिने रोज सकाळी समोर बसून बघितलंय. फक्त ते माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर होतं!

वस्तरा खाली ठेवला. तिला म्हटलं, आज ब्लेड संपलंय. शटर ओढलं आणि घर गाठलं.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "तू तुझी गोळी तिला देतेस?"

घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "एक दिवस मी, एक दिवस ती."

तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो! केसानं गळा कापलास म्हटलं. मी गावभर तुझ्या चेहऱ्याचं कौतुक करत फिरतोय, आणि तू इथे अर्ध्या औषधावर! तो खोकला धुळीचा नव्हता, हो ना? तर शांतपणे म्हणते कशी, "रोज गोळी गिळताना तिचं ते बोडकं डोकं दिसायचं. घशाखाली उतरत नव्हती. आता उतरते."

"पण तिच्या गाठीला ती लागूच नाही, अगं!"

"असं एका कागदावर लिहिलंय. कागद किती चुकतात ते मला विचारा. रोज चुकीच्या पत्त्यावर टपाल जातं."

स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. रडलो. एवढी वेडी बायको कुणाच्या नशिबी असते? आणि ती गेली तर मी काय करू?

९ एप्रिल

हिला न सांगता कंडक्टरणीच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, "यापुढे आमच्याकडे यायचं नाही. दुकानातही नाही. माझ्या बायकोचा जीव खाताय तुम्ही." ती एवढी तोंडाळ बाई, पण तिनं दार हळूच लावून घेतलं.

बरं केलं. हो, बरंच केलं.

१२ एप्रिल

मॅडमपुढे सगळं ओकलो. मॅडमनी आमची बिनपाण्याची हजामत केली, आणि ती काय असते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक!

हिला म्हणाल्या, "अर्ध्या औषधानं तुमच्या गाठीला डोकं वर काढायची संधी दिलीत. आणि तिला सलाईन चालू असताना वर ही गोळी! यकृत गेलं असतं तर? रक्त बिघडलं असतं तर?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? चेहरा साफ होतोय म्हणून एक फोन करावासा नाही वाटला?"

ती सुंदर दिसत होती, एवढंच बघत होतो.

ही पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. स्वतःसाठी नाही. "तिला काही होणार नाही ना?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. कंडक्टरणीला आजच बोलावून घेतलंय. दोघींचं रक्त, दोघींचे स्कॅन.

१३ एप्रिल

सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभा. गिळ. आ कर. जीभ वर.

म्हणाली, "पोलिसात भरती व्हा." पण आ केला.

२४ एप्रिल

हिची गाठ वाढली आहे. थोडी, पण वाढली. मॅडम म्हणाल्या, गोळी रोज चालू ठेवू, बघू. "बघू" हा शब्द मला आवडत नाही.

कंडक्टरणीचं यकृत, रक्त ठीक निघालं. सुटलो! आणि गंमत म्हणजे तिची गाठ कमी झाली आहे. बरीच. नुसत्या सलाईननं इतकी होईल असं मॅडमना वाटत नव्हतं. जुनी फाईल काढून बघत बसल्या. तपासणीला गेलेला पहिला तुकडा म्हणे फारच छोटा होता. आता नवा तुकडा काढून पुन्हा तपासणार. मॅडम म्हणाल्या, "सलाईनचाही गुण असू शकेल. आशा लावून बसू नका."

ही माझ्याकडे बघत होती. मी रिक्षात स्पष्ट सांगितलं, "जुगारात एकदा डाव लागला म्हणून जुगार चांगला होत नाही." म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" काही म्हटलंच नव्हतं. तोच तर त्रास आहे.

५ मे

बिंग फुटलं. कंडक्टरीण फोन उचलत नाही म्हणून ही स्वतःच तिच्या घरी गेली, आणि मी दारात काय बोलून आलो ते तिथे कळलं. कंडक्टरणीनं नाही सांगितलं, तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

घरी आली. चपला काढल्या. आवाज चढवला नाही. "ती माझ्याकडे मागायला आली नव्हती. मी तिच्या घशात घातली. पहिल्या दिवशी तिनं परत केली होती. मी रडले, तेव्हा घेतली." मग म्हणाली, "तुम्हाला भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचं. आजारी बाईच्या दारात जाऊन मर्दुमकी कसली?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पण मीही सोडलं नाही. म्हटलं, तुझ्यापुढे मला कुणी दिसत नाही, आजारी असो नाहीतर धडधाकट. म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर राग येतो."

जेवायला वेगवेगळे बसलो. झोपताना माझ्या अंगावर पांघरूण मात्र टाकलं तिनं.

२० मे

पुरळ परत आलं!! कपाळावर, नाकाच्या कडेला, हनुवटीवर सगळीकडे! मी एकेक फोड बोटानं दाखवत नाचत होतो. ही म्हणाली, "शोभा पुरे." खोकला कमी आहे. रात्रभर सलग झोपली.

बायकोच्या तोंडावर पुरळ आलं म्हणून आनंदानं वेडा झालेला नवरा जगात मी एकटाच असेन. मलम लावून दिलं. लावू दिलं.

४ जून

हिचा स्कॅन. गाठ कमी झालेली नाही, पण वाढलेलीही नाही. थांबली आहे. मॅडम म्हणाल्या, "थांबली हेही खूप आहे." किती दिवस थांबेल, ते मी विचारलं नाही. हिनंही नाही. बाहेर येऊन चहा घेतला. हिनं माझ्या कपातला अर्धा ओढला, नेहमीसारखा.

सगळं सांगायला कंडक्टरणीला फोन लावावा असं हिच्या मनात होतं. मी म्हटलं, लाव की. म्हणाली, "तुम्ही जा आधी."

गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

९ जून

कंडक्टरणीचा रिपोर्ट आला. आहे! तिच्या गाठीत तोच बिघाड आहे, पहिल्यापासून होता. पहिल्या तुकड्यात आलाच नव्हता. उद्यापासून तिला तिची स्वतःची गोळी.

मॅडमनी हिला फोनवर बजावलं, पुन्हा असं केलंत तर दोघींना बाहेर काढीन.

मी गिऱ्हाईक खुर्चीतून उठल्याबरोबर शटर ओढलं आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "ती कशी आहे हो?"

मी दारातच रडायला लागलो.