चोचींचा आवाज

३ मार्च, सकाळ
कोंबडीच्या पिल्लांच्या पोटाचं टॉनिक साडेचारशेला मिळालं. खरी किंमत वेगळी. दुकानाच्या दोन फेऱ्या, एक पंक्चर, कपाटाखालचा हिचा रद्दीचा गठ्ठा (विकला, जागा तरी झाली), आणि मुलीचा तीन दिवसांचा अबोला. सगळ्यात महाग अबोला पडला.

मुलीचं म्हणणं, आई गेली, आता शेड बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. चौथा मजला, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. मी तिथे काय ऐकत बसू? शेवटी सौदा ठरला. पाचशे पिल्लं, पहिला आठवडा. दहाच्या वर दगावली तर शेडला कुलूप आणि चावी तिच्याकडे. मी म्हणालो, दहा कशाला, पाच म्हण. ती म्हणाली, बाबा, दहाच राहू द्या. पोरीला घासाघीस येत नाही.

दुपार
अभ्यास पूर्ण. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो. लोक त्या भरवशावर त्याला दोन-दोन दिवस उपाशी ठेवतात आणि इथेच फसतात. पहिल्या दिवशी पोटात दाणा गेला तर आतडं वाढीला लागतं, बलकही नीट जिरतो. आतडं मागे राहिलं की पिल्लू मागे राहिलंच. दुकानदाराला हे अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, काका, हे सगळं बाटलीवरच लिहिलंय.
माझ्यानंतर लिहिलं असणार.

४ मार्च, ११ वा.
पिल्लं आली. सायकलला टोपली बांधून पन्नास पिल्लांवर धंदा उभा केला मी, पाचशेंचं काय घेऊन बसलात. दिवे लावले, पाण्यात टॉनिक घातलं, खाद्याची आठ नवी भांडी टांगली. लाल रंगाची. देखणी.

ही पहिले दोन दिवस जमिनीवर जुने पेपर अंथरायची, त्यावर खाद्य पसरायची आणि तिथेच फतकल मारून बसायची. तासन्‌तास. विचारलं तर म्हणायची, अहो, यांना आई कुठेय, खायला कोण शिकवणार? भाबडी होती. पिल्लू सगळं शिकूनच येतं.

माझी पद्धत कानाची. तीस वर्षं दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकतोय. आतून बारीक टकटक सुरू झाली की समजायचं, चोचींना दाणा सापडला. मी बाहेरूनच सांगायचो, खायला लागली गं. ही आतून हो म्हणायची. एकदाही चुकलो नाही.

संध्याकाळ
टकटक नाही. भांडी प्लास्टिकची आहेत, आवाज कुठून होणार.
मुलीचा फोन. खाल्लं का विचारत होती. म्हणालो, पोटभर. ती म्हणाली, पिल्लांचं नाही, तुमचं विचारतेय. रेंज गेली असं सांगितलं.

५ मार्च
शेडमध्ये नुसता कलकलाट. घसा एकेकाचा काय खणखणीत. तब्येतीची खूण.
भांडी जवळपास भरलेलीच. टॉनिकचा गुण, थोड्याशा दाण्यात पोट भरतंय. अशा हिशोबाने खाद्याची अर्धी पोती वाचतील. दुकानदाराला सांगायचं नाही, त्याचा धंदा बसेल.
स्वतःसाठी खिचडी टाकली होती. करपली. भूक नव्हतीच.

६ मार्च
कलकलाट थांबला. शेड शांत. पोट भरलं की बाळही असंच गप्प होतं.
चार गेली. दोन प्रवासाच्या शिणाने. दोन मुळातच किडकिडीत, ती धरत नाही. म्हणजे दोन.
बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा टॉनिक दुप्पट केलं.

७ मार्च, सकाळ
तेवीस. आधीची धरून सत्तावीस.
मोजताना एखाद्‌दुसरं दोनदा धरलं गेलं असेल. पुन्हा मोजलं. एकोणतीस.

दुपार
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. पिल्लू उचललं, गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी चाचपली. दुसरं उचललं. तिसरं. म्हणाले, आत पाणी लागतंय, दाणा लागत नाही. भांड्यांची कड यांच्या डोक्याच्या वर आहे. वहिनी पेपर टाकायच्या ना? मी म्हणालो, तिची पद्धत जुनी होती. ते पिल्लू माझ्या तळहातावर ठेवून हात धुवायला गेले.
वजनच नव्हतं. हात रिकामा आहे का म्हणून पाहिलं.
तीस वर्षांत पहिल्या दिवसाचं पिल्लू मी हातात घेतलं नव्हतं हे आज लक्षात आलं. वेळ कुठे असायचा.
भांडी खाली उतरवली. बरीचशी पिल्लं आता उठतच नाहीत.
मुलीला फोन केला. पिल्लांचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, पहिल्या गाडीने येते.

८ मार्च (वहीचा पुठ्ठा)
एकशे बारा गेली. चावी मागायची वेळ मुलीवर आणली नाही, स्वतःच तिच्या पर्समध्ये टाकली. तिनं पाहिलं, पण घासाघीस केली नाही.

आली ती पिशवी दारातच टाकून शेडमध्ये गेली. विचारलं, पेपर कुठेत? म्हणालो, रद्दी विकली. ती म्हणाली, आईनं याच खेपेसाठी जमवली होती, दवाखान्यात असतानासुद्धा माझ्याकडे मागायची. घरात दुसरा कागद नव्हता. या वहीची कोरी पानं सगळी फाडून दिली, म्हणून पुठ्ठ्यावर लिहितोय.

ती आत बसली. मी सवयीने बाहेर खुर्ची टाकली. दहा मिनिटं काही नाही. मग टकटक. तीच. बारीक, न थांबणारी. चार महिन्यांनी ऐकली. पुढचं काही दिसेना. बाहेरूनच म्हणालो, खायला लागली गं.

आतून हो आलं नाही. टकटक थांबली. मुलगी म्हणाली, बाबा, मी बोटानं वाजवतेय कागदावर. आई अशीच वाजवायची, पिल्लांना वाटतं आई दाणा टिपतेय. अजून एकानंही चोच लावलेली नाही.