तळ्याच्या हकिगतीतलं नाव

सर, तुमच्या तळ्यांच्या हकिगतींच्या वह्या टाइप करून संपवल्या. उरकल्या म्हणा हवं तर. तुम्ही गेल्यावर घरच्यांनी त्या माझ्या हवाली केल्या, तेव्हापासून दर रविवारी मूल गावातल्या सायबर कॅफेत बसून मी त्या इतिहास-अभ्यासकांच्या ईमेल गटावर पाठवत आलो. हा प्रकार तुम्ही पाहिला नाहीत. एक पत्र टाकलं की जगभरच्या अभ्यासकांना एकदम पोचतं, आणि कुणी हैदराबादेतून, कुणी लंडनहून शंका काढतं. देवनागरीत पाठवलं तर पलीकडे नुसते चौकोन उमटायचे, म्हणून सगळं इंग्रजीत. शंका काही संपत नाहीत. आता मान दुखते, डोळे चुरचुरतात, आणि खरं सांगायचं तर मला तळ्यांचाच वीट आला आहे.

कुरखेड्याकडचा तो दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. मी कॉलेजात होतो. ती गोंड बाई धानाची रोवणी सोडून तळ्याच्या पाळीवर, बांधावर येऊन बसलेली, हात चिखलाचे. कागदोपत्री तळं मालगुजाराचं; ती सांगते आहे की पाळ तिच्या आजेसासऱ्यानं गावकऱ्यांना घेऊन घातली, आणि पुढे पाळ फुटली तेव्हा आजेसासू त्यात वाहून गेली. तुम्ही लिहून घेता आहात. तुमची रीतच होती, लिहिलेलं सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, त्यानं होकार दिला की समासात त्याचं नाव घालायचं, मगच वही मिटायची. त्या दिवशी मला लांबून शेवटची एसटी दिसली आणि मीच वही मिटली.

“तुले एष्टीची घाई हाय,” तुम्ही म्हणालात, “अन् ते बाई रोवणा टाकून बसली हाय. तिचं सांगणं हाय, तिले आयकू दे.” एसटी गेली. तुम्ही सगळं सावकाश वाचलंत, तिचं नाव घातलंत, आणि आपण मोठ्या रस्त्यापर्यंत पायी आलो. मी वाटभर फुगून होतो.

गटावर पहिली हकिगत हीच टाकली. एका मोठ्या प्राध्यापकांनी कळवलं, काम उत्तम आहे, पण गावकऱ्यांची नावं कशाला, ‘स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून’ एवढं पुरे. मी हुरळलो, सर. ती हकिगत नाव काढून पुन्हा टाकली, आणि बाकी सगळ्या वह्यांचे समास गाळून टाकले. प्रत्येक हकिगतीत वर तुमचं नाव, खाली माझं.

मागच्या उन्हाळ्यात त्या हकिगतीचा छापील कागद घेऊन त्या बाईकडे गेलो. वाटलं, खूश होईल. फार थकली आहे आता. गावात ते तळं मालगुजाराच्याच नावानं चालतं, घरचेही तिचं बोलणं म्हातारीची बडबड म्हणून सोडून देतात. “मास्तरनं वाचून दाखोलं होतं मले,” ती म्हणाली. “तू बी वाच.” मी मराठीत सांगत गेलो. आजेसासू वाहून गेली तिथे तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, “अन् माहं नाव?”

“आहे ना,” मी म्हणालो, आणि वाचल्यासारखं करून तिचं नाव घेतलं.

“कुठी? बोट ठेव. नातू शिकून राह्यला बाहीर. आला का दाखवीन त्याले.”

मी बोट ठेवलं. बोटाखाली माझं नाव होतं. जागा विसरू नये म्हणून तिनं चुलीतला कोळसा आणून तिथे खूण केली आणि कागद पेटीत ठेवला.

घरी येऊन दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तुमच्या समासातली सगळी नावं त्यात आहेत, पहिलं तिचं. किती रविवार झाले, ते गटावर गेलेलं नाही. नातू एव्हाना आला असेल. हेही पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. प्राध्यापकांची भीती नाही, सर. त्या सगळ्यांच्या खाली माझं नाव लिहायची लाज वाटते, आणि ते काढून टाकायला जीव होत नाही.