मागून घासलेली कुऱ्हाड

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई गेल्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र, आणि तेही कामाचं. राग अजून गेलेला नाही. तिचं दुखणं तुम्ही वर्षभर माझ्यापासून लपवलंत, ते काही केल्या पचत नाही.

पण लोखंडातलं तुमच्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. आमच्या संग्रहालयात एका प्राचीन योद्ध्याच्या थडग्यातली कुऱ्हाड आलीय. दांडा कुजला, पण मातीत त्याचा काळा डाग उरला, त्यावरून लांबी मिळाली. घोडं अडलंय वजनापाशी. घडण दोन किलोची दिसते, पण गंजानं खाल्लेलं धरूनही पातं दीडच भरतं. मागची बाजू थोडी थोडी करून घासलेली आहे. धार नव्हे, मागची बाजू! साहेब म्हणतात, वीराची कुऱ्हाड दोन किलोचीच हवी. नक्कल तुम्ही घडवायची आहे, तेव्हा वजन तुम्हीच सांगा.

खोकल्याचं औषध घेता, की बाटलीचा नुसता वास?

तुमची,
चिमणी

ता. ११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

औषध घेतो. साहेबांना सांग, वीरसुद्धा आजारी पडतात. मागची बाजू घासतात ती वजन उतरवायला. त्याला कुऱ्हाड पेलेनाशी झाली असणार आणि घरच्याच कुणीतरी हे केलं असणार. एकदम घासली तर हाताला कळतं, म्हणून थोडी थोडी. दीड किलोचीच करू.

हे मला कसं ठाऊक, तेही लिहितो. तुझी आई तीस वर्षं माझ्या ऐरणीवर घण मारत होती. मागल्या वर्षी तिचा घाव उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरी बसवा. तिला बसवणारा मी कोण? ती बाहेर गेली की मी घण सहाणेवर धरायचो. असं चारदा केलं. दर खेपेला ती म्हणायची, आज हात छान चालला, आणि मी आपला खूश. तुला कळवलं असतं तर तू धावत आली असतीस आणि तिला सगळं उमगलं असतं. चुकलो, पोरी.

तुझा,
बाबा

ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, पण आता लपवाछपवी पुरे. आईला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात तिनं मला फोनवर सांगितलं होतं की तुझे बाबा चोरून माझा घण हलका करतात, तीस वर्षांचं वजन हाताला कळणार नाही होय? तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथही घातली. मला वाटलं, तुमचं नेहमीचंच काहीतरी भांडण. मी हसले आणि फोन ठेवला. घण हलका का करावा लागला, हे मी विचारलंच नाही. आई गेल्यापासून चार महिने मी तुम्हाला दोष देतेय, बाबा.

माफ करा.

चिमणी

ता. २ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस भट्टी पेटवली नाही. म्हणजे हात छान चालला, हे ती माझ्यासाठी म्हणत होती. मी तिला सांभाळतोय या गुर्मीत वर्ष काढलं गं.

कुऱ्हाड घडली, दीड किलो भरली. सोबत आईचा घणही पाठवतोय. दांडा तुझ्या मुठीला बसेल, तुम्हा दोघींची मूठ एकच. इतका हलका झालाय, तरी माझ्याच्यानं तो उचलवत नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
बाबा